ज्याच्याकडे चेंडू येत नाही

कोचनी घराची किल्ली माझ्या हातात दिली नाही, फेकली. ती माझ्या खांद्यावर आपटून पायरीवर पडली. मी वाकून उचलली आणि ओशाळून हसले, तर हे गृहस्थ दारात हात पुढे करून उभे. "परत दे."

मला वाटलं, गेली खोली. नागपूरहून नुकतीच आलेली मी, अमेरिकेतल्या कॅरी गावात नवी नोकरी, हॉटेलातून निघायची घाई. ऑफिसच्या जवळ एवढी एकच जागा मिळत होती. मी किल्ली परत दिली. त्यांनी दोन पावलं मागे सरकून ती पुन्हा माझ्याकडे उडवली. मी हात पुढे केले आणि डोळे घट्ट मिटले.

"डोळे मिटून काय मिळणार? आधी डोळ्यांनी पकड, मग हातांनी. परत."

किल्ली एकदाची माझ्या तळहातात बसली तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली, माझ्या दोन्ही बॅगा एका हातात उचलल्या आणि गॅरेजवरच्या खोलीकडे चालू लागले. मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर वेडा आहे किंवा शिक्षक आहे. पुढे कळलं, शिक्षक ते नव्हते. व्हायचं होतं त्यांना.

आख्खा मोहल्ला त्यांना कोच म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. संध्याकाळी ते जवळच्या शाळेच्या फुटबॉल टीमला शिकवायला जात, हौसेने. तरुणपणी ते स्वतः व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळलेले. हा खेळ नावालाच फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ हातातच. कोच रिसीव्हर होते. म्हणजे ठरलेल्या वाटेने जीव खाऊन पळायचं, ठरलेल्या जागी वळायचं आणि मागून फेकलेला चेंडू झेलायचा. त्या वाटेला रूट म्हणतात. असे ढीगभर रूट पाठ असावे लागतात.

ते रूट त्यांच्या पायांतून कधी गेलेच नाहीत. टपालाच्या पेटीपर्यंत जायचं तरी हिरवळीवरून तिरके जायचे नाहीत. नाकासमोर जायचे, एका जागी पाय रोवायचे आणि काटकोनात वळायचे. गुडघा त्या वळणावर असा वाजायचा की मला वरच्या खिडकीत ऐकू यायचं. समोरच्या घरातली पोरं त्यांची नक्कल करायची. कोच रागवायचे नाहीत. थांबून त्यांची नक्कल सुधारायचे. "वळायच्या आधी खांदा टाकतोयस तू. समोरच्याला कळतं की आता हा वळणार."

बोटं सगळी वाकडीतिकडी. डाव्या हाताची करंगळी तर उरलेल्या चौघांशी भांडून वेगळी निघाल्यासारखी दिसायची. कॉफीच्या मगच्या कानात बोट जायचं नाही, म्हणून तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून प्यायचे. आणि वस्तू कधी हातात घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. मीठ, रिमोट, टॉर्च, औषधाची बाटली, सगळं हवेतून. हातातून पडलं की चूक झेलणाऱ्याची. "हाताला लागलं होतं ना? मग ते तुझं होतं," हे त्यांचं त्यावरचं कायमचं वाक्य. फेकणाऱ्याने वाकडं फेकलं, उन्हाने डोळे दिपले, पाऊस होता, यातलं काही ते ऐकून घ्यायचे नाहीत. स्वतःच्या बाबतीतही नाही.

त्यांची कारकीर्द तशी कोणाच्या लक्षात राहावी अशी नव्हती. कॉलेजांतून खेळाडू निवडले जातात त्या दिवशी ते घरी फोनपाशी बसून होते. फोन वाजला तो मावशीचा, जेवलास का विचारायला. मग एका टीमच्या उन्हाळी शिबिरात हे स्वतःच जाऊन धडकले, कॉलेजचं शेवटचं सत्र तसंच टाकून. घेतले गेले, काढले गेले, दुसरीकडे घेतले गेले, तिथूनही काढले गेले, आणि असं करत करत काही मोसम मोठ्या मैदानांवर खेळले. काढायची रीत ठरलेली असायची. शिबिर संपत आलं की सकाळी दारावर टकटक व्हायची आणि एक माणूस म्हणायचा, "साहेबांनी बोलावलंय. प्लेबुक घेऊन या." प्लेबुक म्हणजे टीमच्या सगळ्या डावांचं जाडजूड बाड. ते परत मागितलं की समजायचं.

"खूप वाईट वाटायचं?" मी एकदा विचारलं.

"पुस्तक देताना वाटायचं," ते म्हणाले. "सगळं पाठ केलेलं असायचं ना."

रविवारी मॅच बघायचे ती आवाज बंद करून. पहिल्यांदा मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "कोणाकडे बघतेयस?"

"चेंडूकडे."

"सगळं जग तिकडेच बघतं. हा बघ." त्यांनी उठून स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक खेळाडू जिवाच्या आकांताने पळत होता, आणि चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला. "याच्याकडे चेंडू येणार नाहीये. ते याला पळायच्या आधीपासून माहितीय. पण हा अर्ध्या मनाने पळाला तर याला अडवणाऱ्याला लगेच कळतं, आणि तो याला सोडून तिकडे धावतो. म्हणून पूर्ण पळायचं. शेवटपर्यंत." मग खाली बसत म्हणाले, "मी बहुतेक वेळ हेच काम केलं."

एका गाजलेल्या सामन्यातला एक झेल टीव्हीवर अजून दाखवतात. झेलणारा खेळाडू मोठा, सगळ्यांना माहीत असलेला. तो प्रसंग लागला की कोच रिमोट दाबून चित्र थांबवायचे. "हा मी." मी डोळे ताणून बघायचे. कोपऱ्यात एक बूट आणि अर्धी पोटरी.

"यात तुम्ही कुठे?"

"बूट," कोच म्हणायचे. आणि हे ते विनोद म्हणून सांगत नसत. दोन माणसं ते आपल्यामागे ओढून घेऊन गेले होते, म्हणून मधली जागा मोकळी झाली होती. त्या बुटाचा त्यांना खरोखर अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात आई नागपूरहून माझ्याकडे राहायला आली. आईला इंग्रजी कळायचं, बोलायची लाज वाटायची. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी कोचनी परसातले टोमॅटो काढले आणि खालून सवयीने तिच्या दिशेने एक उडवला. आईच्या एका हातात कपड्यांची बादली होती. तिने ती खाली न ठेवता दुसऱ्या हाताने टोमॅटो झेलला आणि निरखून बघत म्हणाली, "कच्चाच आहे की हो."

कोचनी आईकडे बोट दाखवलं. मग मला विचारलं, "ही कुठे खेळायची?"

"रिंग टेनिस. कॉलेजात. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होती."

रिंग टेनिस म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. रबरी कडं जाळीवरून फेकायचं आणि एकाच हाताने झेलायचं, हे ऐकून ते इतके खूश झाले की त्यांनी आईला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं. तेव्हापासून खालून टोमॅटो, काकड्या वर यायच्या आणि वरून बेसनाचे लाडू खाली जायचे. "फेकायचे म्हणून घट्ट वळते बाप्पा," आई म्हणायची. ती त्यांना पैलवान म्हणायची. "माणूस भला आहे तुझा पैलवान. पण वस्तू सरळ हातात द्यायला काय होतं याला?"

आणि जे माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं ते आईच्याच लक्षात आलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "पैलवानाने आज पुन्हा विचारलं मला, तुम्ही कधी आलात म्हणून. रोज विचारतो गं."

मग मलाही दिसायला लागलं. शेगडीवर ठेवलेलं पाणी आटून जायचं. मला ते स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारायचे. औषधाच्या दुकानाकडे जायला निघायचे आणि चौकात गाडी बाजूला घेऊन बसून राहायचे. खेळताना डोक्याला बसलेले मार आता वसुली करत होते. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, हे वाढत जाईल. किती वेगाने, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या कोणी हे ऐकून हातपाय गाळले असते. कोचनी कॉलेजात नाव घातलं. पूर्वी टाकलेलं सत्र आता पुरं करायचं, डिग्री घ्यायची आणि शाळेत रीतसर शिक्षक व्हायचं. बाकीचे विषय निघाले. राहिला एक, स्टॅटिस्टिक्स. माझं सगळं आयुष्य औषध कंपनीच्या आकड्यांत जायचं, त्यामुळे पुस्तक हवेतून माझ्याकडे आलं. मी झेललं.

पहिल्या परीक्षेत ते सपाटून नापास झाले. संध्याकाळी शिकवलेलं सकाळी कोरं व्हायचं. त्यांची मुलगी अटलांटात नर्स होती. ती ऐकून गाडी घेऊन आली.

"डॅड, इनफ. आता कोणाला काय दाखवायचंय तुम्हाला?"

"कोणाला काही नाही."

"मग कशाला हा ताप?"

कोच कॉफीकडे बघत म्हणाले, "मैदानावर मला फक्त पळू शकणारी मुलं भेटतात. वर्गात सगळी भेटतात. मला ती सगळी हवीत. आणि माझ्याकडे फार वेळ नाही."

निघताना ती मला गाडीपाशी म्हणाली, "प्लीज, त्यांना मदत करू नकोस. नापास झाल्यावर ते खचत नाहीत गं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तेच मला बघवत नाही."

मी दोन दिवस विचार केला. मग मीच त्यांना विचारलं, "प्लेबुक कसं पाठ करायचात?"

"कागदावरचं मला कधीच कळलं नाही. रात्री हॉटेलच्या पार्किंगमध्ये जाऊन चालायचो. चाललो की डोक्यात बसायचं."

तेव्हापासून अभ्यास अंगणात सुरू झाला. टीमच्या सरावाचे, शंकूसारखे नारिंगी प्लास्टिकचे कोन आम्ही हिरवळीवर मांडले. प्रत्येक कोन म्हणजे एक आकडा. मधला कोन म्हणजे सरासरी. कोच सरासरीपासून प्रत्येक कोनापर्यंत चालत जायचे, अंतर मोठ्याने सांगायचे, परत यायचे. कोण किती भरकटलंय ते त्यांना पायांनी कळायला लागलं. सूत्र बदललं की वाट बदलायची. या सूत्राला डावीकडून, त्या सूत्राला झाडाला वळसा घालून. आई खिडकीतून बघत होती. "एवढे ठिपके मांडलेत तर रांगोळी तरी काढा," ती म्हणाली. मी भाषांतर केलं. कोचनी रांगोळीचा फोटो बघायला मागितला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा चांगला डाव आहे."

महिनाभरात ते मला अंगणात कुठलंही गणित सोडवून दाखवायला लागले. आणि दुसऱ्या परीक्षेत पुन्हा नापास झाले. परीक्षेच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहायचं होतं. टेबलाखाली त्यांनी पाय हलवून बघितले, तर शेजारच्याने तक्रार केली.

उपाय होता. कॉलेजात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय असते. वेगळी खोली मिळते, तिथे चालताही आलं असतं. पण त्यासाठी जाऊन सांगावं लागणार होतं की आपल्याला काय झालंय. हे ऐकताच कोच उठून गवत कापायला गेले. आधीच कापलेलं गवत त्यांनी पुन्हा कापलं. मुलीशी या विषयावर ते बोलायचे नाहीत, टीममधल्या जुन्या मित्रांना त्यांनी कळू दिलं नव्हतं. मीही पुन्हा विषय काढला नाही. आठवडा गेला. एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या गाडीपाशी उभे होते. "चल. ड्राइव्ह तू कर."

त्या ऑफिसातली बाई शांत होती. तिने विचारलं, "काय अडचण आहे तुम्हाला?"

"गुडघा," कोच म्हणाले.

"गुडघ्यासाठी परीक्षेत चालावं लागतं?"

"हो. आखडतो."

ती लिहायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, कारण मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर ते माझ्या नजरेखातर खरं बोलल्यासारखं झालं असतं. तिचं पेन थांबायच्या आधीच कोचनी दोन्ही वाकडे हात टेबलावर ठेवले.

"खोडा ते. गुडघा ठीक आहे. मी खोटं बोललो." त्यांचा आवाज मोठा होता, मैदानावरचा. "खेळताना डोक्याला लागलं की डॉक्टर विचारायचा, बरा आहेस ना? मी दरवेळी म्हणायचो, ठीक आहे. एकदा आमची बाजू कुठली तेच मला कळत नव्हतं, तरी ठीक म्हणालो. नाहीतर माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं असतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना ठीक आहे म्हणतोय." मग आवाज खाली आला. "मी ठीक नाहीये. माझी आठवण चाललीय. चाललो की आठवतं. मला चालायला जागा द्या."

बाईने लिहिलेलं खोडलं. "एवढंच हवं होतं," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "यापेक्षा दोघातिघांनी अंगावर येऊन पाडलेलं परवडतं." आणि फोन काढून मुलीला लावला. जे त्या बाईला सांगितलं तेच तिला सांगितलं. पलीकडून तिचं रडणं मला ऐकू येत होतं, आणि कोच म्हणत होते, "हो. हो गं. आता विचारशील तेव्हा खरं सांगीन."

तिसऱ्या परीक्षेला त्यांना एक रिकामा वर्ग मिळाला. टेबलं भिंतीला लावून ते चालत राहिले, मधूनमधून वाकून कागदावर लिहीत राहिले. पास झाले, काठावर. आई तोवर परत गेली होती. मी नागपूरला फोन केला तर तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमचा पैलवान ग्रॅज्युएट झाला!"

शिक्षकाच्या परवान्याची पुढची खटपटही त्यांनी पुरी केली आणि एका ऑगस्टमध्ये शाळेत भूगोल शिकवायला लागले. मुलांची नावं पाठ करायला दर वर्षी शाळा उघडायच्या आधी रिकाम्या वर्गात फिरून यायचे; प्रत्येक बाकापाशी थांबून एकेक नाव मोठ्याने म्हणत. बाक म्हणजे कोन, नाव म्हणजे आकडा. नकाशे ते जमिनीवर खडूने काढायचे आणि मुलांना नद्यांवरून चालायला लावायचे. खडू, पुसणी, तपासलेल्या वह्या, सगळं हवेतून. एकदा मुख्याध्यापिकेने मला दुकानात गाठून विचारलं, "तुमच्या घरीही असंच चालतं का?" मी म्हटलं, "लाडूसुद्धा."

त्या काळात मी त्यांना जितकं आनंदात बघितलं तितकं आधी कधी नव्हतं. घरी येऊन ते खेळाडू मुलांबद्दल बोलायचेच नाहीत. मागच्या बाकावरच्या कोणीतरी आज पहिल्यांदा हात वर केला, एवढंच सांगायचे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका दुपारी घंटा झाली आणि कोच व्हरांड्यात उभे राहिले. दोन्ही बाजूंना सारखीच दारं. आपला वर्ग कुठला, ते त्यांना आठवेना. एका मुलाने डोकं बाहेर काढून "कोच?" म्हटलं म्हणून सापडला. तास त्यांनी नीट घेतला. तास संपल्यावर सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "शुक्रवार माझा शेवटचा दिवस."

"वर्ष संपेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "कोणाच्या लक्षातही आलेलं नाही."

"माझ्या आलंय," कोच म्हणाले.

शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी ते जिना चढून वर आले आणि माझ्या स्वयंपाकघरात बसले. मी कॉफी केली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि कसं झालं ते सांगितलं.

मुलांपासून त्यांनी काही लपवलं नव्हतं. शेवटच्या तासाला वर्गासमोर उभे राहून म्हणाले होते, खेळताना माझ्या डोक्याला मार लागलाय, मी विसरायला लागलोय, म्हणून मी थांबतोय. कोणाचं काही चुकवलं असेल तर आत्ता सांगा. मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. अख्ख्या वर्षात कधी स्वतःहून न बोललेली मुलगी.

"कोच, तुम्ही मला शाळा उघडल्यापासून दुसऱ्याच नावाने हाक मारताय. ती मुलगी पहिल्याच आठवड्यात शाळा सोडून गेली. मी तिच्या बाकावर बसले."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही हाक मारताना इतके खूश दिसायचात."

कोचनी कॉफीचा एक घोट घेतला. "मग काय केलंत?" मी विचारलं.

"तिला विचारलं, तुझं नाव काय? तिने हळूच सांगितलं. मी म्हटलं, मोठ्याने. तिने मोठ्याने सांगितलं. मी ते फळ्यावर लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. आणि सगळ्यांना उभं केलं. म्हटलं, चला, आज पहिला दिवस आहे. मी तुमच्यापैकी कोणालाच ओळखत नाही. मी एकेकाच्या समोर येऊन उभा राहणार, तुम्ही मला नाव सांगायचं, मी ते म्हणणार. घंटा होईपर्यंत तेच केलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलो."

त्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला आणि मी न विचारताच त्या मुलीचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. मग तिच्या शेजारच्या मुलाचं. मग त्याच्या मागच्याचं. बोलता बोलता ते उठले आणि माझ्या छोट्याशा स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत चालायला लागले. मी खुर्ची मागे ओढून त्यांना वाट करून दिली.